पान चार

खोक्यावर लिहिलंय : वय दहा आणि पुढे.
आम्ही पाचजण मिळून एकशे नव्वद.

एप्रिलची दुपार, देवपूर, भदाणेच्या घरची वरची खोली.
कूलर इतका मन लावून वारा घालतोय
की तयार जादूगार दोनदा खाटेखाली उडून गेला.
शेवटी प्रत्येक वीराच्या कागदावर वजन ठेवलं :
स्कूटीची किल्ली, चष्म्याचं घर, शेवेची पुडी,
अश्फाकच्या वीरावर अडकित्ता.

ही मंडळी खेळून पिकलेली.
पॉलिटेक्निकच्या होस्टेलात, झेरॉक्सच्या नियमांवर
यांनी राज्यं मिळवली, बुडवली,
एका ड्रॅगनशी तर भाडेकरार केला होता, अकरा महिन्यांचा.
मीही होते त्यात. नेहमी चोर व्हायचे.

आज गोष्ट सांगणारी मी.
सोमवारी हे खोकं साक्रीकडे माझ्या शाळेत जाणार,
सहावीच्या पोरांपुढे उघडणार,
म्हणून म्हटलं, आधी जाणत्यांवर करून बघू.
आचारी नाही का, पंगतीआधी रस्सा यजमानाला चाखायला देतो,
आणि यजमान हमखास मीठ कमी म्हणतो.

पुस्तक लग्नपत्रिकेएवढं जाड.
फासे सहा, पिवळे.
त्यातला आठ बाजूंचा पहिल्याच फेकीत कुठेतरी गेला.

पान चार. चौकटीतलं मी मोठ्यानं वाचलं :
'तुमच्यासमोर एक जुनं लाकडी दार आहे.'

हर्षदा म्हणाली, थांबा.
कुणी हात लावायचा नाही.
अश्फाकनं बिजागऱ्या हुंगल्या, विषासाठी.
देवरेनं उंबऱ्यावर पीठ भुरभुरवलं.
पीठ कुठलं, विचारलं, तर म्हणे,
तीन दिवसांची शिदोरी लिहिलीय ना, मग कळण्याचं पीठ असणारच.
भदाणेनं दाराला त्याचं नाव विचारलं.

मी म्हणायचे, काही नाही सापडत.
ते एकमेकांकडे बघायचे.
इतकं काहीच नाही
म्हणजे नक्की काहीतरी.

चाळीस मिनिटं.

खालची ओळ तिरप्या अक्षरात होती, फक्त माझ्यासाठी :
'दार उघडंच आहे. खेळाडूंना ढकलू द्या.
हे त्यांचं पहिलं यश.'

मला हसू यायला हवं होतं.
पण चार वर्षांनी भेटत होतो आम्ही.
कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं.
नंबर सगळ्यांकडे सगळ्यांचे.
अश्फाकचं दुकान तर माझ्या बसथांब्यासमोर,
मी रोज त्याच्याकडे पाठ करून उभी,
दुकानात गर्दी असेल, म्हणून.

मग लाइट गेली.
कूलर दोन थेंब टाकून गप्प झाला
आणि सगळे वीर एकदम जमिनीला टेकले.
भदाणेची आई ताकाचे पेले घेऊन आली,
"ताक पी ल्या, मंग खेया" म्हणाली,
शेवेची पुडी उचलून तिची घडी नीट केली, गेली.

ताकाची मिशी तशीच ठेवून देवरे म्हणाला,
जाऊ दे यार, घाम फुटलाय. मी ढकलतो.

उघडलं, मी म्हटलं.

फासा?
नाही लागत.
हर्षदानं डोळे बारीक केले : आणि?
आणि पान पाच.

कुणीच काही बोललं नाही.
खाली कुणाची तरी मोटरसायकल
किक मारून मारून सुरू होईना.
भदाणे एकदम इतका हसला
की ताक त्याच्या योद्ध्यावर सांडलं,
शौर्य सोळा होतं, आता वाचता येत नाही.

पान चारच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिलं :
मुलांना इथे घाई करू देणे.

आठ बाजूंचा फासा शेवटपर्यंत मिळाला नाही.
कूलर हलवला, खाट हलवली,
एक जुनं रुपयाचं नाणं मिळालं आणि कुणाचं तरी जोडवं.
सोमवारी खडूच्या डबीत आठ चिठ्ठ्या टाकीन.

निघताना अश्फाकनं अडकित्ता खिशात घातला,
चपला शोधत म्हणाला, रविवारी पान पाच.
विचारलं नाही त्यानं.
सांगितलं.